शाळेतली संगणक खोली चालती कशी ठेवायची

पंधरा संगणक, तीस मुलांचा वर्ग, आठवड्याला तीन तासिका. एका यंत्रावर दोघं बसली आणि तासिकेतली खरी कामाची ३० मिनिटं धरली, तर आठवड्यात प्रत्येकाला ४५ मिनिटं कीबोर्ड मिळतो. पाच यंत्रं बंद पडली की एका यंत्रावर तिघं येतात आणि ४५ ची ३० होतात. त्यातच एका तासिकेला वीज गेली की उरतात २०. शाळेतलं तंत्रज्ञान देशाच्या प्रगतीला किती हातभार लावतं, या मोठ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी या मिनिटांपाशीच येऊन थांबतं.

याचा पुरावाही आहे. पेरूने ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं, की दर मुलामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं, पण सुमारे १५ महिन्यांनंतरही गणित आणि भाषेच्या गुणांत फरक नव्हता. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या २०१५ च्या अहवालानेही हेच नोंदवलं: शाळांतल्या संगणकांवर भरघोस खर्च करणाऱ्या देशांत वाचन, गणित, विज्ञानात लक्षणीय सुधारणा दिसली नाही. एस्टोनियाने १९९६ मध्ये ‘टायगर लीप’ जाहीर केलं, तेव्हा संगणक आणि इंटरनेटसोबत शिक्षकांचं प्रशिक्षणही त्याच योजनेत बसवलं. आज त्या देशाचं नाव डिजिटल कारभारासाठी घेतलं जातं. एवढं सगळं एका योजनेनं झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण पाया शाळेतही घातला गेला होता.

तेव्हा खोलीची आखणी यंत्रांच्या संख्येपासून करू नका, मिनिटांपासून करा.

आधी वेळापत्रक, मग खरेदी

दहा तुकड्यांना प्रत्येकी तीन तासिका म्हणजे आठवड्याला ३० तासिका. उरलेल्या देखभालीला आणि शिक्षकांच्या सरावाला राखून ठेवा. तुकड्या चौदा असतील तर सगळ्यांना तीन-तीन बसणार नाहीत. अशा वेळी सर्वांना एकेक तासिका वाटून टाकण्याचा मोह होतो, तो टाळा. आठवड्यातून एकदाच आलेलं मूल पासवर्ड विसरलेलं असतं, आधीचा धडा विसरलेलं असतं आणि पंधरा मिनिटं त्यातच जातात. त्यापेक्षा निम्म्या तुकड्या या सत्रात आणि निम्म्या पुढच्या सत्रात घ्या. कुणी ओरडलं तर ओरडू द्या.

निधीचे शंभर भाग धरले तर यंत्रांवर ५५ पेक्षा जास्त लावू नयेत. वीज आणि फर्निचरला १५, नेटवर्क व सर्व्हरला (सगळ्यांसाठी धडे साठवून ठेवणारा संगणक) ८, शिक्षकांच्या तयारीला १०, आणि पुढच्या चार वर्षांच्या सुट्या भागांना व दुरुस्तीला १२. देणगीदाराला शेवटचे बारा भाग कधीच आवडत नाहीत, कारण त्यांच्यावर नावाची पाटी लावता येत नाही. पण तिसऱ्या वर्षी खोली उघडी राहते की तिला कुलूप लागतं, हे त्याच बारा भागांवर ठरतं.

वीज: इथे कंजूषी नको

बंद पडलेल्या खोलीत आधी दोष संगणकाला दिला जातो. पण माग काढत गेलं की बऱ्याचदा अर्थिंग, सैल सॉकेट किंवा मेलेली बॅटरी निघते.

भार मोजायची रीत सोपी आहे. छोटा मिनी पीसी आणि एलईडी मॉनिटर मिळून साधारण ४० वॉट घेतात. पंधरा जोड्यांचे झाले ६००. दिव्याचा प्रोजेक्टर ३००. सर्व्हर, नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबली जोडणारी पेटी) आणि वायफाय मिळून ६०. एकूण ९६० वॉट. दोन तास वीज नसताना हे चालवायचं, तर १,९२० वॉट-तास हवेत.

आता बॅटरी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. पण ती रोज निम्म्याच्या खाली नेली तर लवकर मरते, म्हणून धरायचे ९००. इन्व्हर्टर १५ टक्के खातो, म्हणजे हातात ७६५. १,९२० ला ७६५ ने भागलं की अडीच, म्हणजे तीन बॅटऱ्या लागतात. पण एवढा भार १२ व्होल्टवर ओढायचा तर तारांतून ८० अँपिअरच्या वर प्रवाह जातो, तारा तापतात. म्हणून २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि त्यात बॅटऱ्या जोडीनेच बसतात. चार घ्या. वर छापलेली क्षमता बॅटरी १० किंवा २० तासांत सावकाश रिकामी केल्यावरची असते. दोन तासांत रिकामी केली तर ती कमीच भरते. चौथी बॅटरी तिथे कामाला येते.

हाच हिशेब लॅपटॉपचा बघा. त्यांची बॅटरी त्यांच्या पोटातच असते. इन्व्हर्टरवर फक्त सर्व्हर, स्विच आणि वायफाय, म्हणजे ६० वॉट. वीज गेल्यावर प्रोजेक्टर बंद ठेवायची शिस्त पाळली, तर एक बॅटरी शाळेचा अख्खा दिवस काढते. दिवसाला तासाभरापेक्षा जास्त वीज जात असेल तर आमचं मत लॅपटॉपच्या बाजूने. वीज बऱ्यापैकी टिकत असेल तर मिनी पीसी बरा: कीबोर्ड बिघडला तर दोन मिनिटांत बदलता येतो, आणि उचलून नेणाराही विचार करतो.

अर्थिंगची चाचणी वायरमनकडून तुमच्यासमोर करून घ्या. मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रलमधले व्होल्ट बघा, मग फेज आणि अर्थिंगमधले. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. त्यानंतर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मोजा, तेही खोलीतले सगळे संगणक सुरू असताना. रिकाम्या खोलीत मोजलेला आकडा फसवा असतो. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. पाचच्या वर गेला तर अर्थिंग किंवा न्यूट्रलचा जोड कुठेतरी सैल आहे. संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते याच घराण्यातलं दुखणं. ‘थोडा करंट येतोच’ म्हणून सोडून देऊ नका, त्या रांगेचा स्विच बंद करा.

गळती प्रवाहावर सर्किट तोडणारं यंत्र, म्हणजे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, बसवलाच पाहिजे. पण सगळी खोली एकाच आरसीसीबीवर घेतली की तो कारण नसताना पडायला लागतो. संगणकाच्या वीजपुरवठ्यात जो फिल्टर असतो, त्यातून मिलीअँपिअर-दीड मिलीअँपिअर प्रवाह नेहमीच अर्थिंगमध्ये जातो. पंधरा यंत्रांचे झाले वीसेक, आणि आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. मग कुणीतरी वैतागून तो काढून सरळ जोडणी करतं, आणि मुलांचं संरक्षणच जातं. उपाय साधा: सात-आठ यंत्रांचा एक गट, गटाला स्वतंत्र आरसीसीबी. सकाळी मुख्य स्विच टाकण्याआधी रांगांचे स्विच बंद असू द्या आणि एकेक रांग सुरू करा. सगळे एकदम सुरू झाले की पहिल्या क्षणाचा झटका एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाहावर आपोआप पडणारा स्विच, पाडतो.

लेड-ॲसिड बॅटऱ्या वर्गात ठेवू नका. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो. हवेशीर, कुलपाची जागा द्या. महिन्यातून एकदा पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड पाणीच घाला आणि टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करा.

टेबलं आणि तारा

यंत्रं तीन भिंतींना लावा, मॉनिटरची पाठ भिंतीकडे. मधे उभं राहून शिक्षकाला पंधराही पडदे दिसतात, आणि तारा मुलांच्या पायांत येत नाहीत. दोन मुलांना एका यंत्रापुढे किमान ९० सेंटिमीटर रुंदी द्या. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे येऊ देऊ नका, बाजूला असली की चकाकी येत नाही. तारा उघड्या सोडल्या की उंदीर कुरतडतात, त्या पाइपातून किंवा पट्टीतूनच न्या.

जागेवर बसलेल्या यंत्रांना वायफाय नको, केबल हवी. घरगुती राउटरवर तीस यंत्रं एकदम आली की तो गुदमरतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न छेदणारे चॅनल तीनच मिळतात: १, ६ आणि ११. लॅपटॉप असतील तर ५ गिगाहर्ट्झवर चालणारा, व्यावसायिक प्रतीचा एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी पेटी) २५-३० यंत्रांमागे धरा.

केबलची टोकं शाळेतच बसवायला शिका, दुपारभराचं काम आहे. कॅट-६ केबलचं बाहेरचं आवरण तीन सेंटिमीटर सोला आणि रंग या क्रमाने लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन्ही बाजूंना फाकते, इथेच नवखा माणूस चुकतो. रंग ओळीने जोडीजोडीने लावले तर टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण वेग कोसळतो आणि दोष सापडता सापडत नाही. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. तारा एका रेषेत कापा, कनेक्टरच्या टोकाला भिडेपर्यंत सरकवा, आवरणही कनेक्टरच्या आत गेलंय ना ते बघा आणि मग दाबा. आवरण बाहेर राहिलं तर महिनाभरात ओढ लागून तारा सुटतात. एक केबल दोन्ही टोकांच्या छोट्या जोडकेबली धरून १०० मीटरच्या पुढे नेऊ नका.

इंटरनेट नसताना चालणारं ग्रंथालय

साध्या प्रतीचा व्हिडिओ सेकंदाला साधारण एक मेगाबिट खातो. पंधरा यंत्रांनी एकदम लावला तर पंधरा मेगाबिट. शाळेच्या बाहेरच्या जोडणीला ते झेपेलच असं नाही, शाळेच्या आतल्या केबलला मात्र ते किरकोळ. म्हणून धडे शाळेतच साठवायचे.

जुना पण धड असलेला एक डेस्कटॉप घ्या: रॅम ८ जीबी, ५१२ जीबीची एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क). त्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाका. धडे आणि सरावासाठी कोलिब्री, विकिपीडियासाठी किविक्स. दोन्ही फुकट आहेत आणि इंटरनेटशिवाय चालतात. मजकूर एकदाच, चांगलं नेट असेल तिथे उतरवून घ्यायचा. सर्व्हरला कायमचा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, आणि तो राउटरमध्येही राखून ठेवा. नाहीतर एक दिवस वीज जाऊन येते, पत्ता बदलतो आणि ‘सर्व्हर मेला’ अशी हाकाटी होते. तो पत्ता प्रत्येक ब्राउझरचं पहिलं पान म्हणून लावा, मुलांना टंकायला लावू नका.

सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरणार असाल तर दोन खोड्या लक्षात घ्या. मेमरी कार्डावर सतत लिहीत असताना वीज गेली की कार्ड खराब होतं, त्यामुळे मजकूर एसएसडीवर ठेवा. आणि चौथ्या पिढीपर्यंतच्या पायमध्ये स्वतःचं घड्याळ नाही. नेट नसलं की तारीख चुकते आणि कुठल्या मुलाने कधी काय सोडवलं ही नोंद निरुपयोगी होते. घड्याळाचं छोटं मॉड्यूल जोडलं की प्रश्न मिटतो.

एक यंत्र नीट करा, चौदा नकला काढा

पंधरा यंत्रं पंधरा तऱ्हांनी लावली तर पुढे त्यांची देखभाल होत नाही. एक यंत्र मन लावून तयार करा: मुलांच्या भाषेचा युनिकोड कीबोर्ड, ब्राउझर, लेखन आणि तक्त्यांसाठी लिबर ऑफिस, लहानांसाठी जीकॉम्प्रिस, प्रोग्रॅमिंगला स्क्रॅच. मुलांसाठी साधं खातं, त्याला काहीही बसवायची परवानगी नाही. मग क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरने त्याची प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, घ्या आणि उरलेल्या चौदांवर उतरवा. प्रतिमेची एक प्रत सर्व्हरवर आणि एक बाहेरच्या डिस्कवर कपाटात ठेवा. यंत्र बिघडलं की डोकेफोड करत बसू नका, अर्ध्या तासात नवी प्रत उतरवा. नकला काढल्यावर प्रत्येक यंत्राचं नाव तेवढं बदला आणि तोच आकडा पेटीवर रंगवा.

जुनी यंत्रं मिळाली तर लगेच भंगारात काढू नका. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की दहा वर्षांचं यंत्रही वर्गाला पुरतं. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ बहुतेक जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. तिथे लिनक्स मिंट टाका. ‘मुलांना विंडोजच यायला हवं’ हा हट्ट धरू नका. फाइल, फोल्डर, तक्ता, सूत्र या गोष्टी समजल्या की कुठलीही प्रणाली आठवड्यात हाताला बसते.

मुलांची खाती हजेरी क्रमांकावर करा. पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो काहीही लागत नाही. पेन ड्राइव्ह मुलांच्या यंत्रांना बंदच.

तासिकेची पंचेचाळीस मिनिटं कशी खर्च करायची

मुलं येण्याआधी यंत्रं सुरू असली पाहिजेत. आधीच्या तुकडीचे दोन विद्यार्थी पाच मिनिटं थांबून हे करतील, आठवड्याची पाळी लावा. पहिली पाच मिनिटं फळ्यावर आजचं एकच काम, पडदे बंद. पडदा सुरू असताना सूचना दिल्या तर कुणी ऐकत नाही. मग ३० मिनिटं काम, दर पंधरा मिनिटांनी माउस दुसऱ्याच्या हातात. टाळी वाजवून अदलाबदल केली नाही तर तासभर एकच मूल चालवतं, दुसरं नुसतं बघतं, आणि बघणारं कोण असतं हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. उरलेल्या दहात वहीत दोन ओळी लिहायच्या आणि यंत्रं बंद करायची.

काय शिकवायचं? इयत्तेचा धडा सगळ्यांना सारखा लावणं सोपं, पण फायदा सगळ्यात कमी. दिल्लीत माइंडस्पार्क हे सॉफ्टवेअर वापरून झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगाचा आहे. मूल सहावीत असलं तरी त्याला गणित तिसरीचंच येत असेल, तर सॉफ्टवेअर त्याला तिथूनच प्रश्न देत होतं. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलनाइतकी (मुलांचे गुण किती पसरलेले असतात त्याचं माप) वाढ दिसली, शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानाने मोठी. त्या मुलांना सोबत छोट्या गटांत माणसाची शिकवणीही होती, हे विसरू नका. तुमच्याकडे ते सॉफ्टवेअर असलंच पाहिजे असं नाही. सत्राच्या सुरुवातीला वीस प्रश्नांची कागदी चाचणी घ्या, तीन गट करा आणि कोलिब्रीत गटाप्रमाणे वेगवेगळे धडे लावा. सत्राअखेरीस तीच पातळी पुन्हा तपासा.

शिक्षकांना पाच दिवसांच्या शिबिराला धाडण्यापेक्षा दर आठवड्याला एक तासिका, दोघादोघांनी, पुढच्या आठवड्याचा धडा स्वतः करून बघणं जास्त कामी येतं. शिबिरात शिकलेलं महिनाभरात उडतं. आणि खोलीची किल्ली किमान तिघांकडे असू द्या. एका उत्साही शिक्षकावर उभी राहिलेली खोली त्याच्या बदलीबरोबर बंद पडते.

नोंदवही आणि नेहमीची दुखणी

दाराशी एक वही: तारीख, तुकडी, चालू यंत्रं किती, काय केलं, काय बिघडलं. महिन्याअखेर एकच आकडा काढा, दर मुलामागे आठवड्याची हाताला मिळालेली मिनिटं. वरच्या कार्यालयाला अहवाल जातो त्यात ‘प्राप्त संगणक’ हा रकाना असतो, ‘चालू मिनिटं’ हा नसतो. तो तुम्ही स्वतःहून जोडा. असे आकडे हजारो शाळांतून वर गेले, तरच पुढचा निधी यंत्रांना द्यायचा की बॅटऱ्यांना की शिक्षकांना, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

सुट्या भागांचा डबा: चार माउस, दोन कीबोर्ड, प्रतिमा उतरवलेली एक एसएसडी, एक वीजपुरवठा किंवा ॲडॉप्टर, सीआर २०३२ च्या पाच चपट्या बॅटऱ्या, पाच तयार केबली, वीस कनेक्टर, दाबयंत्र, टेस्टर, एक स्वच्छ खोडरबर.

खोडरबर चेष्टेने लिहिलेला नाही. यंत्र सुरू होताना बीप-बीप करतं आणि पडदा काळा राहतो, तेव्हा वीज काढून रॅमची पट्टी बाहेर काढा, सोनेरी टोकं खोडरबराने हलके घासा, पुसा, परत बसवा. धूळ आणि दमटपणाच्या जागी हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

प्रत्येक संकेतस्थळावर ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येत असेल तर आधी तारीख बघा. यंत्र २०१० सालात असेल, तर मदरबोर्डवरची चपटी बॅटरी संपली आहे. नेट नाही पण शेजारच्या यंत्राला आहे? दोघांच्या केबली अदलाबदल करा. दोष केबलीबरोबर सरकला तर केबल, नाही तर पोर्ट. यंत्र मधेच बंद होत असेल तर पंख्यातली धूळ ब्रशने काढा, पण पंखा बोटाने धरून, नाहीतर तो गरगरून बेअरिंग जातं. लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला की तो त्याच क्षणी बंद. चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, बॅटरी कारागिराकडूनच काढून घ्या आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

मोठी सुट्टी

खोल्या सर्वाधिक मरतात त्या सुट्टीत. शेवटच्या दिवशी लॅपटॉप निम्मे चार्ज करून, बंद करून ठेवा. पूर्ण भरलेली आणि पूर्ण रिकामी, दोन्ही अवस्थांत महिनोन् महिने पडून राहिलेली लिथियम बॅटरी खराब होते. लेड-ॲसिडचं उलटं आहे, तिला पूर्ण भरून ठेवायचं. इन्व्हर्टरचा चार्जर सुरू राहू द्या, आणि तो बंद ठेवणं भागच असेल तर महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन चार्ज करेल अशी नेमणूक लेखी करा. बाकी सगळे प्लग भिंतीतून काढा, विजांच्या दिवसांत नेटची बाहेरून येणारी केबलही. सर्व्हरवरच्या मुलांच्या नोंदींची प्रत डिस्कवर घ्या.

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी, मुलं नसताना, एकेक रांग सुरू करा आणि वहीच्या नव्या पानावर चालू यंत्रांचा पहिला आकडा लिहा.